दोनशे दहा जोड्यांपैकी सदतीस

वाद्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर दुरुस्तीची खोली होती आणि त्या खोलीत गेली एकोणीस वर्षे एकच माणूस बसत असे. खाली दुकानात त्याला मिस्त्री म्हणत. फोनवरून त्याच्याशी बोलणारे वादक मात्र आपापसात त्याला 'गुरुकिल्ली' म्हणत. हे नाव कौतुकाने पडले की वैतागाने, याचा शोध त्याने कधी घेतला नाही. दोन्हींत तथ्य असावे.

त्याची सारी ख्याती एका यंत्राभोवती उभी होती. तळहाताहून किंचित मोठा, बॅटरीवर चालणारा सीक्वेन्सर. खाली सोळा बटणांची ओळ, वर आणखी पाच बटणे. सोळा बटणांवर सोळा ठेके साठवायचे आणि हवा तो वाजवायचा, इतका सरळ मामला. पण सोबत येणारे माहितीपत्रक म्हणजे घडी घातलेली चार चित्रे. एक बटण दाबून धरून दुसरे दाबले की यंत्र काही वेगळेच करते, हे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. एकदा पाय मोडून तो दीड महिना घरी पडला, तेव्हा त्याने एकवीस बटणांच्या दोनशे दहा जोड्या एकेक करून दाबून पाहिल्या. चौकटीच्या वहीत पाढ्यांसारखा तक्ता आखला. सदतीस जोड्या बोलल्या, बाकीच्या मुक्या निघाल्या. एका जोडीने वेग अगदी केसभर बदलता येई, एकीने एकच ठोका जरासा मागे सरकवता येई. एक तर स्पीकर बंद ठेवून फक्त कानातल्या तारेत आवाज सोडत असे.

त्या दीड महिन्यात त्याला भेटायला बहीण दोनदा आली आणि घरमालक एकदा. घरी खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर इस्त्रीचे कपडे असत.

बरा होऊन कामावर आल्यावर त्याने एक शिरस्ता पाडला. कोणाही वादकाचा फोन आला की एक जोडी सांगायची. एकच. दुसरी विचारली तर उत्तर ठरलेले: "ती पुढच्या खेपेला. आधी ही बोटांत बसू दे." लोकांना ती शिकवण्याची जुनी, कडक रीत वाटे. त्यालाही बहुतेक दिवस तसेच वाटत असे. रविवारी फोन करणारी बहीण हसून म्हणायची, "दादा, तुझ्याकडून काही काढायचं म्हणजे उन्हाळ्यातला नळ. थेंब थेंब." तो त्यावर विषय बदलत असे. सदतीस थेंब संपल्यावर नळाकडे कोण कशाला येईल, हा हिशोब त्याने वहीत मांडला नव्हता, पण तो त्याला तोंडपाठ होता.

फोन करणाऱ्यांत एक बाई वादक नव्हती. ती रुग्णालयात माणसांना चालायला शिकवत असे. पक्षाघाताने अंग लुळे पडलेली, हाड जोडून उठलेली माणसे ठेका कानावर पडला की पाऊल नीट टाकतात, असा तिचा अनुभव होता. प्रत्येकाच्या चालीप्रमाणे तिने एकेक ठेका बसवला होता; सोळा बटणे, सोळा माणसे. तिचा फोन आला की जोडी सांगून झाल्यावरही बोलणे चाले. कोणाचा गुडघा आज वाकला, कोण भिंत सोडून तीन पावले गेला, हे ती सांगे आणि तो हातातले काम खाली ठेवून ऐके. एकदा तिने विचारले होते, की हे चुकून पुसले जाऊ नये म्हणून यंत्राला काही कुलूप असते का. असते, पण जरा लांबट प्रकरण आहे, पुढच्या खेपेला सांगतो, असे तो म्हणाला होता.

प्रकरण मुळीच लांबट नव्हते. 'फंक्शन' दाबून धरायचे आणि सोळावे बटण चार सेकंद दाबायचे.

पुढचा फोन आला तो मंगळवारी, भर दुपारी. तिचा आवाज सपाट होता. अकराव्या बटणाचा माणूस बरा होऊन गेला होता; त्या जागी आलेल्या नव्या माणसासाठी तिसऱ्या बटणावरचा, एका शिंपी पेशंटचा ठेका तिला तिथे उतरवायचा होता. त्यासाठी 'कॉपी' आणि अकरावे बटण, ही जोडी त्यानेच तिला शिकवली होती. घाईत तिचा अंगठा शेजारच्या 'फंक्शन'वर पडला. 'फंक्शन' आणि 'कॉपी' मिळून चालू ठेका सगळ्याच बटणांवर उतरतो, हे वहीत तक्त्याच्या दुसऱ्याच ओळीत होते. तिला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

"आता सोळाच्या सोळा जण शिंप्यासारखे चालतायत," ती म्हणाली. "सहा वर्षांचं काम होतं हो. परत आणता येईल?"

त्याने वही उघडली नाही. सदतिसांत तशी जोडी नव्हती. नाही, एवढेच तो म्हणाला.

"मागे तुम्ही कुलूप म्हणाला होतात."

तांत्रिक अडचणींची चार वाक्ये त्याच्या जिभेवर तयार होती. ती त्याने गिळली.

"चार सेकंदांचं काम होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही परत फोन करावा म्हणून."

पलीकडे कोणाची तरी काठी फरशीवर टेकत जात होती. तो आवाज पुरता लांब गेल्यावर ती बोलली. उद्या सकाळी दहाला या, म्हणाली, आणि वही घेऊन या.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर लांबलचक व्हरांडा होता. भिंतीला लाकडी कठडा, फरशीवर हात-हात अंतरावर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्ट्या. तीन दिवस तो त्या व्हरांड्यात एकेकाच्या बरोबरीने चालला. माणूस ठेक्याविना चाले आणि हा यंत्रावर बोटाने त्याची पावले टिपे. दुखरा पाय नेहमी थोडा उशिरा येतो, हे त्याला पहिल्या दिवशी कळले. मग ठोका केसभर मागे सरकवणारी ती जोडी त्याने प्रथमच खऱ्या कामाला लावली. बाई त्याच्याशी कामापुरते बोलत होती. निवृत्त बसचालकाने मात्र कठडा धरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"तुम्हीच का ते? आम्हाला सगळ्यांना पहिल्या गिअरमध्ये टाकणारे?"

"हो. मीच."

"मग चला बरोबर. मागे राहू नका."

शिंप्याचा शाबूत होता, तो धरून चौदा ठेके उभे राहिले. पंधराव्या बटणाचा माणूस गावी निघून गेला होता. नवव्याशी आल्यावर बाई थांबली. हे रिकामेच राहू दे, म्हणाली. ती आजी चैत्रात गेली. ठेका पुसायचे तिच्या जिवावर आले होते, म्हणून तो तसाच ठेवला होता. ती हे रागाने बोलली नाही, आणि त्यामुळे त्याला मान वर करता आली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने वही तिच्या टेबलावर ठेवली आणि पहिल्या जोडीपासून सदतिसाव्यापर्यंत सगळे सांगितले. पुढच्या खेपेसाठी काही ठेवले नाहीत ना, असे तिने लिहिता लिहिता विचारले. त्याने नकारार्थी मान हलवली. तक्त्याच्या प्रती काढल्या तर चालेल का, हेही तिने विचारले आणि तो चालेल म्हणाला.

प्रती निघाल्या. एका वादकाची आई त्याच व्हरांड्यात चालायला येत होती. त्याच्या हातून त्या वादकांतही पसरल्या. महिन्याभरात पोटमाळ्यावरचा फोन गप्प झाला. दुकानाच्या मालकाने तर एकदा वर येऊन तो उचलून कानाला लावून पाहिला, बिघडला की काय म्हणून. तो शाबूत होता. बहीण रविवारी फोन करी, तो ठीक आहे म्हणून सांगे. कामे मात्र वेळेवर होऊ लागली होती, कारण हातातले खाली ठेवायला निमित्त उरले नव्हते.

मग एके दिवशी दुरुस्तीला आलेल्या एका यंत्राच्या पिशवीत त्याला स्वतःचाच तक्ता सापडला, प्रतीची प्रत असल्यामुळे फिकट झालेला. तळाच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याच हस्ताक्षरात एक ओळ वाढवलेली होती: 'फंक्शन', 'प्ले' आणि पहिले बटण, तिन्ही एकदम. पुढे लिहिले होते, 'पेशंट दमला की.' त्याने तिन्ही बटणे दाबली. ठेका तुटला नाही. हळूहळू मंदावत गेला, कोणी आधाराने खुर्चीत बसावे तसा, आणि थांबला. त्याने पुन्हा दाबून पाहिले. तीन बटणे एकदम दाबून पाहायचे त्याच्या कधी मनातच आले नव्हते.

हस्ताक्षर त्याच्या ओळखीचे होते. बाई व्हरांड्यात नोंदी करताना तीन दिवस ते त्याच्यासमोर उमटत होते. फोन जवळ ओढल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आजवर फोन नेहमी तिचा येत असे आणि तिचा नंबर आपण कधी फिरवलेलाच नाही. तो दुकानाच्या नोंदवहीतून शोधावा लागला.

"मी बोलतोय, दुरुस्तीवाला. ती तीन बटणांची जोडणी तुम्हाला कशी सापडली, ते विचारायचं होतं."

"अहो, पेशंट उभे आहेत समोर. मी करते नंतर."

फोन बंद झाला. त्याने हातातले यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले, ठेका पुन्हा एकदा मंद होऊ दिला. खाली शटर ओढायची वेळ झाली तेव्हा मालकाने जिन्यावरून हाक मारली. थोडे थांबतो, किल्ली माझ्याकडे राहू द्या, असे त्याने वरूनच सांगितले. ती नंतर म्हणाली होती. नंतर म्हणजे केव्हा, एवढे विचारायचे राहून गेले होते.