आधी सांगायचं, मग चहा

माझी पोस्टिंग त्या वर्कशॉपला झाली तेव्हा मी लान्स नायक होतो. ट्रेड, व्हेइकल मेकॅनिक. जागा इतक्या उंचावर की पहिले सहा दिवस डॉक्टरांनी कामाला हात लावू दिला नाही. पडून राहा आणि पाणी प्या, एवढीच ऑर्डर. सातव्या दिवशी सकाळी ०८०० वाजता मी फॉल-इनला उभा राहिलो.

हे आत्ता लिहायला बसलो त्याला कारण एक फॉर्म. निवृत्त झाल्यापासून मी आंबीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. औंढ्याहून रोज मोटारसायकलने जातो. आमच्या खात्यात सकाळच्या चहाची एक पद्धत आहे. ती एचआरच्या मॅडमना आवडली. बाकीच्या खात्यांतही सुरू करू म्हणाल्या आणि माझ्या हातात फॉर्म दिला. त्यात एक रकाना आहे, 'सदर पद्धतीचे प्रशिक्षण कोठे घेतले?' जागा एका ओळीची आहे. फॉर्म चार दिवस माझ्या डब्याच्या पिशवीत फिरत होता, कारण माझं उत्तर एका ओळीत मावत नव्हतं.

वर्कशॉपचे प्रमुख मेकॅनिक होते नायब सुभेदार धोंडू उघडे. आमच्याच मुलखातले. औंढ्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथले. भाताच्या लावणीला त्या वाडीची माणसं खाली आमच्या खाचरांत यायची. साहेबांची आईसुद्धा यायची. हे मला आठवत होतं आणि त्यांनाही. इथे मी त्यांना सॅल्यूट ठोकत होतो. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला अवघडल्यासारखं झालं. त्यांना मुळीच झालं नाही.

"औंढ्याचा का रं तू?" एवढंच त्यांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"बरं झालं. बोलाय माणूस मिळालं." आणि त्यांनी मला एका ट्रकच्या खाली पाठवलं.

रोजचा क्रम ठरलेला होता. ०६०० ला पीटी, ०८०० ला फॉल-इन, ०९०० ला ट्रकांचा कॉन्व्हॉय निघायचा. त्याआधी गाड्या तपासून द्यायच्या. १०३० ला चहा. शेडच्या मध्ये एक लाकडी खोकं उलटं घातलेलं असायचं. त्याच्याभोवती मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, त्या दिवशी गाडीवर नसलेले ड्रायव्हर आणि चहा आणणारा कुक, सगळे बसायचे. टोप्या काढून बसायचं, म्हणजे रँक बाजूला. ज्याच्या हातून काही बिघडलं असेल त्याने तो पार्ट खोक्यावर ठेवायचा आणि काय झालं ते सांगायचं. त्याचं सांगून होईपर्यंत कोणी हसायचं नाही आणि कोणी चहाचा मग उचलायचा नाही. सांगून झालं की हसायला पूर्ण परवानगी. वेल्डरने स्वतःचाच बूट जाळला, तेव्हा तो बूटही खोक्यावर आला होता. त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांदा चहा मागवला.

मग तो पार्ट शेडच्या भिंतीवर एक लांब फळी होती, तिच्यावरच्या खिळ्याला टांगायचा आणि त्याला पत्र्याची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर माणसाचं नाव लिहायचं नाही. बिघडण्याआधी काय दिसलं, काय ऐकू आलं, तेवढंच लिहायचं. 'उतारावर शिट्टी वाजते.' 'थंडीत रबर काचेसारखं होतं, दाबून बघा.' मॅन्युअलमध्ये यातलं काही नव्हतं. मॅन्युअल लिहिणारा त्या थंडीत कधी ट्रकखाली झोपला नसावा. नवा माणूस आला की साहेब त्याला आधी फळीसमोर उभं करायचे आणि मग पाना देऊन कामाला लावायचे.

मी ट्रेनिंगला पहिला आलो होतो. दोन महिने झाले तरी मी खोक्यावर एकही पार्ट ठेवला नव्हता आणि त्याची मला घमेंड होती. एकदा साहेब म्हणाले, "तुझं काई चुकतच न्हाई व्हय रं?"

"न्हाई साहेब."

"मंग तू अजून नीट बघत न्हाईस."

मला राग आला. नायकच्या प्रमोशनची लिस्ट पुढच्या आठवड्यात लागणार होती आणि माझं नाव नक्की होतं. मीच ते वडिलांना फोनवर सांगून बसलो होतो. वडिलांनी लोणावळ्याहून पेढे आणून गावभर वाटूनही टाकले होते.

त्या गुरुवारी कॉन्व्हॉय वेळेवर ०९०० ला निघाला. नऊ ट्रक होते. सात नंबरच्या गाडीत रजेवर निघालेले बारा जवान होते. गाडी चालवणारा कुलवंत, तोही खाली पोहोचून पुढे रजेवर जाणार होता. तो निघताना मला म्हणाला, "मेकॅनिक साब, घर से मिठाई लाऊँगा." मी हात केला.

१०३० ला चहाला बसलो. हात पुसायला रुमाल काढला आणि त्याच्याबरोबर खिशातून एक स्प्लिट पिन बाहेर आली. दीड इंचाची. ही पिन स्टिअरिंगच्या जोडाच्या नटात आडवी बसते. ती नसेल तर खडखडाटात नट फिरत फिरत सुटतो आणि ड्रायव्हरच्या हातात नुसतं चाक राहतं. सकाळी मी दोन गाड्यांचे नट खोलून घट्ट केले होते, चार नंबर आणि सात नंबर. दोन पिना काढल्या होत्या. बोटं बधिर होती म्हणून त्या खिशात ठेवल्या होत्या. परत एकच बसवली होती. कोणत्या गाडीत, ते आठवेना.

पुढे घाट होता. कॉन्व्हॉय माथ्यावर साधारण १११५ ला पोहोचायचा आणि तिथून सगळा उतार.

मी पिन मुठीत धरली. आज सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार मला बारा जवानांचा नाही आला. पेढ्यांचा आला. नट घट्ट केला आहे, टिकेल खाली जाईपर्यंत, असं मनाने समजावून पाहिलं. समोर चहाची किटली होती, वाफ येत होती आणि सगळ्यांचे हात गुडघ्यांवर होते. कोणाचं काही आहे का म्हणून सगळे थांबले होते, रोजच्यासारखे. त्या थांबण्याने मला उठवलं. मी पिन खोक्यावर ठेवली.

"सकाळची आहे. चार नाहीतर सात. आठवत नाही."

कोणीही शिवी दिली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. १०३६.

"नट किती कसला व्हतास?"

"पूर्ण, साहेब."

"चल."

रेडिओच्या खोलीपर्यंत आम्ही पळत गेलो. त्या उंचीवर पळायचं नसतं. ऑपरेटरने तीनदा हाक मारली. कॉन्व्हॉय वळणाच्या पलीकडे गेला होता, उत्तर येईना. साहेबांनी सेट हातात घेतला आणि माथ्यावरच्या चेकपोस्टला पकडलं.

"कॉन्व्हॉय पहुँचा क्या? ओव्हर."

"नहीं साब. धूल दिख रही है. ओव्हर."

"एक भी गाडी नीचे नहीं जाएगी. चार और सात का स्टिअरिंग चेक. ओव्हर."

"रॉजर."

मग वाट पाहायची होती. भिंतीला टेकून मी उभा होतो. साहेब शेजारी स्टुलावर बसले. ११२१ ला सेट खरखरला.

"चार ओके. सात की पिन नहीं है. नट हाथ से घूम रहा है, साब. दो चूडी बाकी. ओव्हर."

दोन आटे राहिले होते. मी तिथेच खाली बसलो. साहेबांनी सांगितलं, नट कसा, पिनेच्या जागी तार घाला, गाडी हळू उतरवा. सेट खाली ठेवला आणि मला म्हणाले, "ऊठ. चा राहिलाय."

चहा गार झाला होता. कोणीही प्यायलं नव्हतं. पंधरा माणसं चहाचे मग समोर ठेवून बसून होती. मी परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून, पेढ्यांसकट. मग वेल्डर हसला आणि सगळेच हसले आणि मला रडू आलं. इतका हलका मी त्याआधी कधी झालो नव्हतो. चिठ्ठीवर साहेबांनी लिहून घेतलं, 'काढलेली पिन खिशात नको. टोपीत ठेवा. टोपी घातल्याशिवाय कोणी शेडबाहेर जात नाही.' त्या दिवसापासून सगळं वर्कशॉप पिना टोपीत ठेवू लागलं.

मला चौदा दिवस जादा ड्यूटी लागली आणि प्रमोशन सहा महिने लांबलं. वडिलांना पेढे परत मागता येत नव्हते. कुलवंतने मात्र मिठाई आणली, दोन किलो, आणि पहिला तुकडा खोक्यावर ठेवला.

त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, एक ट्रक रस्त्यावरून घसरून अडकला. आम्ही पाच जण रिकव्हरीला गेलो. विंचच्या तारेने ट्रक वर ओढत असताना कड्यावरून खडे सुटू लागले. साहेबांनी चौघांना मागे पाठवलं. ट्रकही वर आला. तारेचा हूक तेवढा अडकून राहिला होता आणि कॉन्व्हॉय मागे खोळंबला होता. साहेब हूक सोडवायला परत गेले. वेळ १४२०. वरून मोठा दगड आला. आम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यांच्या शवपेटीबरोबर मी वाडीवर आलो. सरकारी इतमामात सगळं पार पडलं, गाड्या आल्या, गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत चढून गेलो. आयुष्यात त्या वाडीवर मी तेव्हा दुसऱ्यांदा जात होतो, आणि माझ्या घरापासून ती तासाभराच्या वाटेवर आहे. साहेबांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणत, अंगणात बसले होते. पाच-सात माणसं भोवती होती. चहा आणून मध्ये ठेवला होता. मी कपाकडे हात नेला.

"आदी सांग," आबा म्हणाले. "कसं झालं, काय झालं, समदं सांग. मंग चा."

माझा हात तिथेच थांबला. कोणीही कप उचललेला नव्हता.

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आमी कड्यावरनं मध काढाय उतरायचो. मागारी आलं की समदी हितंच बसायची. ज्याचा दोर झिजला, ज्याचा पाय सरला, त्यानं त्यो दोर हितं मधी टाकायचा आन सांगायचं. आमच्या बाचा बा बी तसंच करायचा. धोंडू ल्हानपणापास्नं हितंच बसायचा की."

मी सांगितलं. खडे किती वेळ सुटत होते, कोण कुठे उभा होता, हूक कुठे अडकला होता. आबांनी मध्येच विचारलं, "फुडच्यानं काय करायचं?"

"हूक तिथंच सोडून द्यायचा, आबा. रस्ता खोळंबला तर खोळंबू द्यायचा."

"मंग त्येच सांगत जा." त्यांनी डोळे पुसले आणि कप माझ्या हातात दिला.

आंबीच्या कारखान्यात आमच्या खात्यात आता एक उलटं खोकं आणि एक फळी आहे. तिच्यावर एकतीस खिळे भरले आहेत. फिटर आहेत, ऑपरेटर आहेत, झाडलोट करणाऱ्या मावशीही चहाला बसतात, आणि मशीनचा बदललेला आवाज सगळ्यांच्या आधी मावशींना कळतो. हेल्मेट काढून बसायचं, हा नियम मी घातला. पहिल्या खिळ्याला एक लोखंडी हूक आहे. चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'हूक राहू द्या. माणसाने निघावे.' मागच्या पावसाळ्यात क्रेनला टांगलेला जॉब, म्हणजे यंत्राचा जड भाग, कलंडू लागला, तेव्हा दोन पोरं हातातलं सामान टाकून बाजूला झाली. जॉब मोडला, त्याची चौकशी झाली. पोरं दुसऱ्या दिवशी साडेदहाला चहाला हजर होती. मला तेवढं पुरे आहे.

आज सकाळी फॉर्म भरून दिला. रकान्यात लिहिलं, 'नायब सुभेदार धोंडू उघडे, डोंगरवाडी, औंढ्याच्या वर.' मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान. यांनाच एकदा बोलावू या ना आपल्याकडे. नंबर आहे का?"

साडेदहा होत आले होते. किटली आली होती. मी त्यांना खोक्याशेजारचं स्टूल पुसून दिलं.

"बसा मॅडम. आधी सांगतो, मग चहा घेऊ."