सेलेटारची नर्सरी आणि आजोबांची चार विमानं

बाबा पुण्याहून माझ्याकडे परदेशी महिनाभरासाठी आले ते एकच हट्ट घेऊन. "सेलेटारला जायचं. आबांनी पुरलेली विमानं शोधायची."

आबा म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात इथे सेलेटारच्या धावपट्टीवर विमानांचे फिटर होते. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून चार विमानं पेट्यांत घालून पुरली, असं ते मरेपर्यंत सांगायचे आणि अख्खं गाव त्यांना थापाड्या म्हणायचं. गावाचं सोडा, आमचे काकाही म्हणायचे. अठ्ठ्याहत्तरीच्या बाबांना डोळे मिटायच्या आत एवढंच हवं होतं, की आपला बाप खोटारडा नव्हता.

मला मात्र धास्ती. मी इथे नोकरीच्या पासवर, म्हणजे सरकारी परवान्यावर. युद्धातले बॉम्ब इथे अजून निघतात. भलतंच काही निघालं, पोलीस आले, पास गेला तर? 

शेवटी ओळखीतून धावपट्टीजवळच्या एका रोपांच्या नर्सरीवाल्या अंकलची परवानगी काढली, धातू शोधायचं यंत्र भाड्याने आणलं आणि शनिवारी सकाळी निघालो. तुम्ही गेलात तर टोपी न्याच. हौगांग भागातून बस आहे, पण पुढे पंधरा मिनिटं चालायचं आणि सावलीच्या नावाने बोंब. वाटेत हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, मी नारळाच्या जॅमचा काया टोस्ट हाणला. बाबांची संकष्टी, त्यामुळे नुसती कोपी, म्हणजे इथली कॉफी.

अंकलनी दारातच बजावलं, "लूक, कॅन. डिग, कॅनॉट, आह!" नुसतं बघू, खणणार नाही, म्हणून मी शंभरदा मान डोलावली.

तासभर यंत्र मुकं. बाबांचा चेहरा उतरत चालला. कुंपणापलीकडून एक जीप गेली तरी मी पोलीस समजून मागे वळून बघत होते. आणि फणसाखाली यंत्र किंचाळलं!

बाबांनी वाकून माती चाचपली. "आबा, आबा" म्हणत रडायलाच लागले.

"हात लावू नका, बॉम्ब असेल!" मी ओरडले. अंकल धावत आले, वाकून बघितलं आणि चपलेने माती सरकवली. खाली हळदकुंकू, सुपारी आणि पाच रुपयांचं नाणं.

"बाबा, हे काय?"

"अगं, जमिनीची पूजा नको करायला? तू अंकलशी बोलत होतीस ना, तेव्हा पुरलं." आनंदाच्या भरात ते साफ विसरले होते.

अंकल पोट धरून हसले. मीही हसले, पण बाबांचे ओले डोळे बघून हसल्याची शरम वाटली.

घरी पोचतो तोच काकांचा व्हिडिओ कॉल. "काय दादा, सापडली का विमानं?"

बाबा सावरून बसले. "खणू देत नाहीत रे. पण यंत्र वाजलं."

"काय सांगतोस!"

"विचार हिला."

फोन माझ्यासमोर आला. बाबा माझ्याकडे बघत होते.

"जोरात वाजलं, काका," मी म्हणाले. काका डोळे पुसायला लागले.

ते नाणं आता माझ्या देवघरात आहे. आबांनी खरंच विमानं पुरली होती का, देव जाणे. काकांनी मात्र कालच व्हिसाचा अर्ज भरलाय, त्यांनाही ते यंत्र वाजताना ऐकायचंय.