टेलरकाकू डॉक्टरांना बोलतं करतात

ओठात एक आणि पोटात एक, हे टेलरकाकूंना कधी जमलंच नाही. चाळीस वर्षं त्यांनी गल्लीचे कपडे शिवले आणि "कापड नाही आटलं काका, तुम्ही वाढलात," असं भल्याभल्यांना तोंडावर सांगितलं. अशा बाईपासून तिचा मुलगा आणि सून पंधरा दिवस तिचंच दुखणं लपवत होते, म्हणजे बघा!

त्या दिवशी दवाखान्यात रिपोर्ट चाळून डॉक्टरीणबाई मुलाला म्हणाल्या, "जरा बाहेर येता का?" तो उठला. पलंगावरून काकूंनी त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

"फुफ्फुसं माझी ना? मग याला कशाला बाहेर नेताय?"

"आई, तू उगीच..."

"तू गप्प बस रे."

डॉक्टरीणबाईंनी दार लोटलं, खुर्ची पलंगाशी ओढली. "काकू, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?"

"सगळं. पण सावकाश सांगा."

त्यांनी सावकाशच सांगितलं. गाठ पसरली होती, आता औषधांनी आवरणारी नव्हती. हाताशी दोन-चार महिने, कदाचित तेवढेही नाहीत. काकूंनी दोन्ही हात मांडीखाली दडपले. सून मुसमुसू लागली.

"जीव गुदमरतो का हो शेवटी?"

"त्यावर औषध आहे, ते माझ्याकडे लागलं. तुम्हाला काय नको, ते सांगा."

मग काय, काकूंची गाडी सुटली. घशात नळी नको. आयसीयूत काचेमागे एकटीला ठेवणं नको. घरी, पुढच्या खोलीत, माणसांत राहायचं. "आणि हा पाठीमागून उघडा झगा तर मुळीच नको. कोणी बेतलाय हो असला?"

हे सगळं कागदावर लिहिता लिहिता डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या, डोळे पुसत सूनही हसली. मुलाला मात्र त्या कागदाखाली सही करायला दहा मिनिटं लागली.

काकू पुढे अकरा आठवडे राहिल्या. अर्धवट राहिलेली सगळी शिवणकामं त्यांनी पडल्या पडल्या सुनेकडून पुरी करून घेतली. टाका चुकला की उसवायला लावला.

एका दुपारी त्यांना जोराची धाप लागली. मुलाने ॲम्ब्युलन्स बोलवायला फोन उचलला. काकूंनी नुसती 'नको' म्हणून मान हलवली. त्याने मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्या सांगतील तसे औषधाचे थेंब आईच्या जिभेखाली घातले. हळूहळू श्वास निवळला.

"घाबरलास?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मीपण. बस इथंच."

तो बसला. दिवेलागणीला काकू गेल्या, तेव्हा त्यांचा हात त्याच्या हातात होता आणि सून त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होती.