खड्ड्यांनी चाललेली पावलं

त्याला सगळे पैलवान म्हणत. कधीकाळी तो स्वतः पोती उचलून ट्रक भरायचा, तेव्हा ते नाव शोभायचं. पंचवीस वर्षं गाडी हाकता हाकता पोट स्टिअरिंगला टेकलं, तरी नाव काही सुटलं नाही.

रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गोळ्या घ्याच, पण रोज सहा हजार पावलं चाला." लेकीने चालायला नवे बूट दिले आणि त्याच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधला. आकडा थेट घरच्या मोबाइलवर दिसायचा. पहिल्या दिवशी भरली चारशे बारा: केबिन ते संडास, केबिन ते चहाची टपरी. "बाबा, एवढीच?" लेकीने फोनवर विचारलं आणि गडी ओशाळला.

दुसऱ्या दिवशी त्याने पट्टा केबिनमधल्या आरशाला टांगला. रस्ता खराब होता. संध्याकाळपर्यंत पट्टा एकटाच नऊ हजार पावलं चालून आला. खड्डे जेवढे जास्त, तेवढी पैलवानाची तब्येत ठणठणीत! घरून शाबासकी आली. आता खरं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? पट्टा लटकतच राहिला.

तीन महिन्यांनी तो सुट्टीवर आला. दोन जिने चढेपर्यंत त्याला धाप लागली. दारात बायकोचे बूट होते, टाचा पार झिजलेले.

"आई रोज चालते," लेक म्हणाली. "गुडघे दुखतात तरी. म्हणते, ते गाडी चालवून नऊ हजार चालतात, मग मला सहा जमू नयेत?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बायको त्याच्या बॅगेतले ते बूट घेऊन आली. "चला, आज दोघं जाऊ."

तो वाकला, पण पोट आडवं आलं. नाडीपर्यंत हात पोचेना. ती दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसली. बूट उचलला. तळावरचं दुकानाचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं. ती बघतच राहिली.

"पट्टा आरशाला टांगत होतो गं," तो पुटपुटला.

तिने नाडी बांधली, जरा जास्तच आवळून.

आज पट्टा मनगटावर होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत तो तीनदा थांबला. ती लंगडत पुढे जायची आणि दुसरीकडे बघत वाट पाहायची.

घरी येताच लेकीने मोबाइल पुढे केला. "बाबा, सहाशे चाळीसच?"

"पट्टा बिघडलाय," बायको चटकन म्हणाली.

ती आपल्यासाठी खोटं बोलली, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "आजचाच आकडा खरा आहे."