रांगेतली जागा

चौथीच्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवायला बाईंना पुस्तक फारसं लागत नसे. लागे ते बुटांचं रिकामं खोकं, जाड दोरा, लाखेची कांडी, शाईची दौत आणि वाटीभर वाळू. दौत वाळूत रोवून ठेवली की धक्का लागला तरी कलंडत नाही. ही युक्ती पुस्तकात नाही. छत्तीस वर्षं सरकार बाईंना निवडणुकीच्या ड्यूटीवर धाडत होतं, तिथून त्या ती वर्गात घेऊन आल्या होत्या.

वर्गाची निवडणूक दर वर्षी होई. एक वर्गप्रमुख, एक फळा पुसणारा, एक खिडक्या लावणारा आणि एक नळ बंद आहेत ना ते बघणारा. उमेदवार टेबलाशेजारी उभे राहून भाषणं ठोकत. एका वर्षी एका पोराने जाहीर केलं, “मी निवडून आलो तर भागाकार बंद!” सगळा वर्ग बाकं बडवायला लागला.

“भागाकार बंद करणं तुझ्या हातात आहे का रे?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग हातात आहे तेवढंच बोल.”

पोराने बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, “खडू वेळेवर आणीन.” तो चार मतांनी पडला. बाईंना दोन दिवस चुटपुट लागून राहिली, पण निकाल तो निकाल.

आणि दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, “बाई, मोठ्यांच्या निवडणुकीत तुम्ही कुणाला मत दिलं?” बाई ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, “सांगायचं नसतं. मत गुप्त असतं.”

नियम खराच होता. पण त्या नियमाच्या पदराआड बाईंनी स्वतःचं एक गुपित झाकून ठेवलं होतं. त्यांनी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं.

कारण अगदी साधं. नोकरी लागली आणि मताचं वय झालं ते एकाच वर्षी. तेव्हापासून मोठ्या-धाकट्या धरून तेरा निवडणुका झाल्या. त्यातल्या बारा वेळा बाईंची नेमणूक दोन बस बदलून जावं लागेल अशा परक्या केंद्रावर झाली. टपालाने मत द्यायची सोय होती, बाई फॉर्मही भरत. कधी पाकीट येतच नसे, कधी निकाल लागून आठवडा उलटला की निवांत येई. उरली एक वेळ. तेव्हा ड्यूटी नव्हती, तर नेमक्या त्याच पहाटे कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी मुलगी झाली. “पोरीने जन्मल्या जन्मल्या आईचं मत खाल्लं,” असं सासूबाई दवाखानाभर सांगत फिरल्या होत्या.

त्यातही कहर म्हणजे बाईंचं स्वतःचं केंद्र होतं त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच चौथीच्या खोलीत. अख्खी गल्ली त्यांच्या वर्गात मत देऊन जाई, आणि त्या वेळी बाई भलत्याच कुण्या बाईंच्या वर्गात बसून लोकांच्या बोटांना शाई लावत असत. परत आल्या की भिंतीवर चिकटपट्टीचे तुकडे, फरशीवर वाळू आणि आपल्या टेबलावर कुणी विसरलेलं पेनाचं टोपण, एवढंच त्यांच्या वाट्याला येई. ते टोपण त्या चार दिवस तसंच राहू देत.

बाईंचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना कंडक्टरसाहेबच म्हणे. मतदानाच्या दिवशी ते सकाळी सातच्या ठोक्याला कडक इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत हजर असत. उभे राहत ते पुढे एका माणसाची जागा मोकळी सोडून. मागचे कावत, “काका, सरका की पुढे!” त्यावर साहेब ड्यूटीवरच्या आवाजात सांगत, “ती सीट राखीव आहे. आमच्या बाई येतायत.” दाराशी पोचल्यावर नाइलाजाने ती जागा मिटे. बाई परत आल्या की ते सगळं साग्रसंगीत सांगत. किती गर्दी होती, कोण कुणाशी भांडलं आणि शेवटी, “फळ्यावर तुझं ‘पाणी जपून वापरा’ होतं. प काय सुरेख काढलायस!”

बाई हसत. पण आपल्याच दारातल्या रांगेत, आपल्या माणसाच्या पुढे, नुसतं उभं राहायचं होतं त्यांना. बाकी काही नको होतं.

यंदाची निवडणूक ही नोकरीतली शेवटची. वर्षभराने बाई निवृत्त होणार होत्या.

“पुढच्या वेळी मी मोकळी,” त्या भाजी निवडताना म्हणाल्या. “मग जाऊ जोडीने, अगदी मिरवत.”

“पुढच्या वेळी तू मोकळी होशील गं. माझ्या गुडघ्यांना कोण देतंय मुदतवाढ?”

तीस वर्षं हलत्या बसमध्ये उभं राहून साहेबांच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागली होती. पलंगापासून दारापर्यंत काठी, दारापासून पुढे राम भरोसे. “शाळा दोनशे पावलांवर आहे,” ते म्हणाले. “तुझा खांदा असला तर चालेन. काठीचं काही सांगत नाही. यंदा बघ ना काही जमतंय का.”

छत्तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच असं काही मागितलं होतं.

बाई कचेरीत गेल्या. नेमणुकांचं टेबल सांभाळणारा कारकून भला माणूस होता. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“बाई, सगळ्यांनाच आपापल्या केंद्रावर मत द्यायचंय. मग निवडणूक घ्यायची कुणी? आजारपण असेल तर बोला, नाव लगेच काढतो.”

शाळेत हे ऐकून चित्रकलेच्या बाई हसतच सुटल्या. “अहो, एवढंच ना? माझे दीर डॉक्टर आहेत. गेल्या वेळी मला कंबर दिली होती, आता तुम्हाला देतील!” दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाकीट आणून दिलं. आतल्या दाखल्यावर लिहिलं होतं, सतत उभे राहण्यास असमर्थ.

पाकीट बाईंच्या पर्समध्ये तीन दिवस राहिलं. साहेबांना त्यांनी ते दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “दे की. एकदाच तर. छत्तीस वर्षांत सरकारला एक कंबर जड नाही.” आणि लगेच शर्ट कुठे आहे ते शोधायला लागले. बाईंनी त्यांना इतकं लगबगीने काही शोधताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वर्गात निवडणुकीचा धडा होता. बाई सकाळपासून सलग चार तास उभ्या होत्या आणि मतदाराने खोटी माहिती का देऊ नये ते समजावत होत्या. पहिल्या बाकावर एक मुलगी होती. दिवसाला वीस-पंचवीस शंका काढी म्हणून वर्गाने तिचं नाव प्रश्नपेटी ठेवलं होतं. तिने हात वर केला.

“बाई, कुणाला दिलं ते नका सांगू. पण तुम्ही रांगेत किती वेळ उभ्या राहता?”

ओठांवर ठेवायला बोट उचललं गेलं आणि तसंच राहिलं. इथे गुप्त असं काहीच नव्हतं.

“ते... रांगेवर असतं,” बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी पाकीट चित्रकलेच्या बाईंना परत केलं. “धन्य आहे तुमची!” त्या म्हणाल्या. “बघा हं, देव तुम्हाला खरीच कंबर देईल.” घरी सांगितलं तेव्हा साहेबांनी शोधून ठेवलेला शर्ट पुढे केला. म्हणाले, “शर्टाला इस्त्री तेवढी करून ठेव.”

बाईंनी इस्त्री केली. शेजारच्या दोघा भावांना सांगून ठेवलं, यांना सांभाळून न्या आणि आणा. आदल्या दिवशी फळ्यावर ‘आपले मत, आपला हक्क’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि शिक्के, फॉर्म, दोरा, शाई मोजून घेऊन त्या दोन बस पलीकडच्या केंद्रावर गेल्या.

दुपारी तिथे एक म्हातारं जोडपं आलं. म्हातारी पुढे, म्हातारा मागे.

“अगं, डावा हात, डावा!”

“कळतं मला. तुम्ही तुमची चिठ्ठी सांभाळा. मागच्या वेळी चपलेत सापडली होती.”

बाईंनी म्हातारीचं बोट धरलं. नखापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ ओढायची, एवढंच काम. आजवर हजारो बोटांवर केलेलं. आज त्यांची नजर मागच्या म्हाताऱ्यावर होती आणि शाई दुसऱ्या पेरापर्यंत उतरली. “असू दे बाई,” म्हातारी म्हणाली, “यांना लांबून दिसत नाही, आता दिसेल.”

सगळं सामान जमा करून बाई घरी पोचल्या तेव्हा दूधवाला येऊन गेला होता. साहेब पलंगावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट अजून अंगातच होता, चुरगळलेला. डावा हात चादरीखाली.

“बोट बघू,” बाई म्हणाल्या.

हात बाहेर आला. बोट स्वच्छ होतं.

“नेलं नाही ना त्या दोघांनी? मी बजावून सांगितलं होतं!”

“नेलं. पोरांना बोल लावू नकोस. दोनशे पावलं, तीन वेळा बसून, पण गेलो.”

“मग?”

“रांगेत उभा राहिलो. नेहमीसारखी जागा सोडली. दारापर्यंत आलो. समोर फळ्यावर तुझं अक्षर. आतला माणूस म्हणाला, या काका. मी म्हटलं, आधी पुढचीला घ्या.”

“अहो, पुढची कोण?”

“तोही हेच म्हणाला. मग मी बाजूच्या बाकावर बसलो. म्हटलं, वाट बघू. सहा वाजले, त्यांनी दार लावलं.”

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. “अक्कल कुठे गहाण टाकली होती? मी जगाला शिकवत फिरते आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार! एक मत होतं घरात, तेही फुकट घालवलंत. हक्क आहे तो, बसचं तिकीट नव्हे!”

“बरोबर आहे तुझं,” साहेब म्हणाले. “बारा वेळा दोघांची रांग मी एकट्यानेच लावली. यंदा कंटाळा आला.”

त्यांनी पाकिटाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बाईंना भांडता तरी आलं असतं. त्या आत गेल्या, चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून निम्मं होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. ते चुकले होते, परीक्षेत असं उत्तर आलं असतं तर त्यांनी शून्य गुण दिले असते. पण सहा वाजेपर्यंत बाकावर बसलेला तो चुरगळता शर्ट डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी वर्गाची निवडणूक होती. त्याआधी गृहपाठ. घरात किती जणांनी मत दिलं, नाही दिलं तर का? बाई फळ्यावर मांडत गेल्या. कुणाची आई तापाने झोपलेली, कुणाचे काका परगावी, एकाचे आजोबा उमेदवारावर रुसलेले.

“बाई, आणि तुमच्या घरी?” प्रश्नपेटी.

खडू थांबला. “दोन मतं होती,” बाई म्हणाल्या. “दोन्ही दिली गेली नाहीत. आणि मी तर कधीच दिलेलं नाही. माझी ड्यूटी असते.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मग आम्हाला कशाला शिकवता?”

“मला मिळालं नाही म्हणून,” बाई म्हणाल्या.

प्रश्नपेटी उठून थेट टेबलाजवळ आली आणि बाईंची खुर्ची मागे ओढून तीत बसली. “शाई मी लावते. चिठ्ठ्या हा शेजारचा देईल. तुम्ही रांगेत जा.”

“मी रोज वर्गात असते गं. मला कशाला वर्गप्रमुख हवा?”

“नळ गळला तर तुम्हालाही पाणी मिळत नाही. जा.”

बाई व्हरांड्यात गेल्या. दाराबाहेर रांग लागली होती, खांद्याला खांदा घासत, एकमेकांच्या वेण्या ओढत. त्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या मुलाच्या आणि त्यांच्या मध्ये एक पाऊल अंतर राहिलं होतं. रांग सरकली तसं ते वाढलं. दोन पावलं, एका माणसाएवढं. बाजूच्या भिंतीला लागून बाक होता, परवाचा. त्यावर कुणीच नव्हतं.

मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. “बाई, पुढे सरका ना!”

“थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “राखीव आहे ती.”

“कुणासाठी?”

बाई शाळेच्या फाटकाकडे बघत होत्या. तिथून गल्लीचं वळण दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे, दोनशे पावलांवर, त्यांचं घर.