सेलोवाल्या बाईंचा माईक

सेलोवाल्या बाई डोळे मिटून, तल्लीन होऊन वाजवत होत्या आणि रोह्याच्या त्या हॉलमध्ये मागच्या अर्ध्या लोकांना काहीच ऐकू येत नव्हतं. मिक्सरवर मी होतो.

सेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवतात. सोबत एक सॅक्सोफोनवाला, एक घटमवाला. जाझमध्ये असली तिघांची मोट चालते म्हणे. एका कंपनीच्या क्लबने संध्याकाळचा कार्यक्रम ठेवलेला. मॅनेजरसाहेबांनी आधीच सांगितलं होतं, "आज नीट झालं तर क्लबचे वर्षभराचे कार्यक्रम तुझे. नाहीतर पेणचा साउंडवाला आहेच."

पेणवाल्याचं नाव निघालं की माझी बोटं जरा जास्तच चालतात.

त्यात माझा हात बसलेला डबलबारीच्या भजनावर. दोन बुवा समोरासमोर. एकाची बारी चालू असली की दुसऱ्या मंडळाचे माईक बंद ठेवायचे, नाहीतर त्यांचं खोकणं आणि तंबाखू मागणं गावभर जातं. जो गप्प, त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली. इथेही मी तेच करत होतो. बाई थांबल्या, केला खाली. बाई सुरू झाल्या, मी वर करेपर्यंत त्या पुन्हा थांबलेल्या.

माझ्यापुढच्या काकू शेजारणीला म्हणाल्या, "ती बाय नुसतीच हात हलवते गो."

"दमली असंल."

मध्यंतरात बाई थेट मिक्सरपाशी आल्या. "दादा, आम्ही थांबतो ना, तेही वाजवणंच असतं. आता कशाला हात लावू नका."

"आणि नायच ऐकू आलं तर?"

"तरी नको."

मग मी तिघांचे फेडर वर करून ठेवले आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. शेवटी शेवटी बाकीचे दोघे थांबले. बाईंचा गज तारांवर हळूहळू फिरत होता. आवाज काही नाही. साहेब माझ्या कानाशी वाकले.

"माईक गेला काय रे?"

"नाय साहेब. जाझ हाय. थांबणं पण वाजवणंच असतं."

"अरे, पण ती वाजवताना दिसतेय."

"आतून वाजवतात. त्याला कान लागतो."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मान डोलवायला सुरुवात केली. त्यांचं बघून त्यांच्या हाताखालचे डोलले. टाळ्या तर भजनालाही पडत नाहीत अशा पडल्या. आभार मानताना साहेब म्हणाले, शेवटची ती शांतता आपल्याला फार भिडली. खाली उतरून माझ्या पाठीवर थाप मारली. "वर्षभर तूच."

मी वायरी गुंडाळायला स्टेजवर गेलो. बाई सेलो पेटीत ठेवत होत्या.

"दादा, शेवटी माझ्या पायाने माईकची वायर निघाली होती. पुढच्या रांगांना तसंच ऐकू गेलं असेल. मी तुम्हाला मानेने खुणावत होते."

"मला वाटलं, तुम्ही रंगलाय."

"मागे कसं झालं मग?"

"मागे फारच रंगलं, ताई."

क्लबचं काम आजही माझ्याकडे आहे. शांतता कितीही खोल वाटली तरी मी आधी उठून वायर बघतो.