कुंकू लावलेला फ्रिज

फ्रिज आणला तो पाडव्याच्या मुहूर्तावर. सासूबाईंनी दारातच त्याच्यावर ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि मग कुठे तो सुरू झाला. सुरू झाला म्हणजे नुसता घरघरला. दुसऱ्याच दिवशी दूध नासलं.

माधव नगरातल्या दुकानदाराने मी दाखवलेला फ्रिजचा फोटो, त्यावरचं स्वस्तिक बघून हात जोडले. "मॅडम, पूजा हो गई, अब तो माल आपका हुआ. मैकेनिक भेज देता हूँ." मी मेकॅनिकची वेळ ठरवून परत आले. मी कॉलेजात करारांचा कायदा शिकवते. वस्तूशी मालकासारखं वागलात की ती स्वीकारली असं धरतात, मग परत करायचा हक्क जातो, फक्त भरपाई मागता येते, हे मीच पोरांकडून घोकून घेते. मेकॅनिक येत राहिला, दूध नासत राहिलं.

नेमकं तेव्हाच जर्मनीतल्या माझ्या धाकट्या जावेचं वॉशिंग मशीन बिघडलं. व्हिडिओ कॉलवर बाईसाहेब हसत सांगतात, "ताई, इथे दुरुस्ती की नवीन, ते गिऱ्हाईक ठरवतं. पहिल्या वर्षात बिघडलं तर दोष आधीपासूनच होता असं धरतात. मला काही सिद्धच करावं लागलं नाही. नवीन आलंसुद्धा!"

सासूबाईंचा चेहरा असा खुलला, जणू तो कायदा धाकट्या सुनेनेच केलाय. "बघ, तिचं कसं चुटकीसरशी झालं! तूही कर ना काहीतरी."

अस्सा जळफळाट झाला माझा! मशीन गेलं खड्ड्यात, मला ते कौतुक हवं होतं. सासूबाईंचं पथ्यपाणी मी बघायचं, राम घाटावर स्नानाला मी न्यायचं, आणि शाबासकी मोबाइलमधल्या बाईला?

मग मी पदर खोचला. ग्राहक आयोगात तक्रार केली, स्वतःच उभी राहिले. समोरच्या वकिलाने स्वस्तिकाचा फोटो पुढे केला. मी म्हटलं, "सर, हमारे यहाँ किराए के मकान में भी पहले पूजा होती है, उससे मकान अपना नहीं हो जाता. और अंदर की खराबी चालू किए बिना दिखती कैसे?" अध्यक्षांना हसू आलं. निकाल माझ्या बाजूने लागला, नवीन फ्रिज द्यायचा.

मी धावतच घरी आले. "आई, जिंकले!"

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे जर्मनीला फोन लावला. "अगं, तुझ्यामुळे झालं हो सगळं! तू सांगितलंस म्हणून हिला सुचलं."